अर्धवट कळलेलं असतानाच लिहा

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना 'जे शिकताय ते लिहीत चला, चार लोकांना वाचता येईल असं लिहा' म्हटलं, की बहुतेकांकडून एकच उत्तर येतं: आधी नीट शिकून घेतो, मग लिहीन. उत्तर नम्र आहे, त्यामुळे ते खोडून काढायला जीभ रेटत नाही. तरीही ते चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. या विषयात 'नीट शिकून झालं' असा दिवस उगवतच नाही, हे झालं एक कारण. त्याहून मोठं कारण असं, की शिकणाऱ्याला लिहिण्याचा खरा फायदा होतो तो गोष्ट अर्धवट कळलेली असतानाच. पूर्ण कळल्यावर लिहिणं म्हणजे नोंद करून ठेवणं. अर्धवट कळलेलं लिहायला बसणं हा शिकण्याचाच भाग आहे, आणि तो गाळला तर शिकणं लंगडं राहतं.

उदाहरण अगदी प्राथमिक घेऊ. बायनरी सर्च पहिल्या काही महिन्यांतच शिकवतात. संख्या चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत, त्यातली एक शोधायची आहे. मधली संख्या बघायची. ती हव्या त्या संख्येपेक्षा लहान असेल तर उजवा अर्धा भाग ठेवायचा, मोठी असेल तर डावा. पुन्हा मधली बघायची. दहा लाख नोंदी असल्या तरी फार तर वीस वेळा बघावं लागतं. वर्गात हे ऐकताना सगळ्यांच्या माना डोलतात, आणि खरंच वाटतं की कळलं.

आता एखादी विद्यार्थिनी हेच स्वतःच्या शब्दांत लिहायला बसली आहे असं समजा. सुरुवात झरझर होते. मग ती लिहिते, 'मधली संख्या लहान निघाली तर डावी हद्द मधल्या जागेवर आणायची.' शेजारी तसाच कोड लिहिते: लो = मिड (लो म्हणजे डावी हद्द, हाय म्हणजे उजवी, मिड म्हणजे मधली जागा). चालवून बघते तर प्रोग्राम संपतच नाही. कागदावर आकडे मांडते. लो ३, हाय ४. बेरीज ७, पूर्णांकात निम्मे ३. म्हणजे मिड ३. संख्या लहान निघाली, म्हणून लो पुन्हा ३. पुढच्या फेरीतही तेच, त्याच्या पुढच्या फेरीतही तेच. नुसता कोड सबमिट करायचा असता तर तिने 'मिड + १' करून बघितलं असतं, चाललं म्हणून सोडून दिलं असतं आणि आठवड्याभरात विसरून गेली असती. पण ती लिहीत होती, म्हणून तिला 'अधिक एक का?' याचं उत्तर देणं भाग पडलं. मधली संख्या लहान आहे हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणजे ती जागा उत्तर असूच शकत नाही. मग ती पुढच्या फेरीत ठेवायचीच कशाला? हे वाक्य लिहिताना तिच्या हाती एक मोठी गोष्ट लागली: उत्तर यादीत असेल तर ते लो आणि हाय यांच्या मधेच आहे, ही खात्री प्रत्येक फेरीनंतर टिकली पाहिजे, आणि प्रत्येक फेरीत मधलं अंतर कमी झालंच पाहिजे. पहिल्या अटीला पुस्तकात लूप इन्व्हेरिअंट म्हणतात. परीक्षेसाठी पाठ केलेली ही संज्ञा आणि अशी अडून सापडलेली ही संज्ञा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि हा काही फक्त नवशिक्यांचा अडथळा नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी नोंदवून ठेवलं आहे, की बायनरी सर्च पहिल्यांदा छापून आलं १९४६ मध्ये, पण यादीची लांबी कितीही असली तरी बरोबर चालणारी पद्धत छापून यायला १९६० साल उजाडलं. त्यानंतरही गोष्ट संपली नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत लायब्ररीत असलेल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून होती. लो आणि हाय यांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ३२ बिटांत मावत नाही, उत्तर ऋण येतं आणि प्रोग्राम कोसळतो. यादी शंभर कोटींच्या आसपास पोचेपर्यंत हे दिसत नाही, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. तो कोड जोशुआ ब्लॉक यांचा. २००६ मध्ये त्यांनी स्वतःच हे जाहीरपणे लिहिलं: चूक कोणत्या ओळीत आहे, ती का सुटली, दुरुस्ती काय. त्या एका छोट्या लेखामुळे जगभरच्या प्रोग्रामरांनी आपापला जुना कोड उघडून तपासला. आपण कुठे चुकलो हे उघड लिहिल्याने या क्षेत्रात माणसाची पत घसरत नाही, वाढते. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या कानावर पहिल्याच वर्षी पडायला हवी.

'कळलं' असं वाटणं आणि कळणं यांतली दरी मोजून पाहिलेली आहे. २००२ मध्ये येल विद्यापीठात लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी लोकांना विचारलं, की कपड्याची चेन, कुलूप, शिवणयंत्र अशा नेहमीच्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं, त्याचे स्वतःला गुण द्या. मग त्याच लोकांना त्या वस्तूंचं काम पायरीपायरीने लिहून समजावायला सांगितलं आणि पुन्हा गुण द्यायला लावले. दुसऱ्या वेळी गुण खाली आले. कोणी त्यांची चूक दाखवली नव्हती. लिहिताना त्यांची त्यांनाच ती दिसली. चेनच्या बाबतीत ही गत, तर जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा मेमरीच्या, नेटवर्कच्या, ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत काय होत असेल? व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या पिढीला तर हा धोका फारच मोठा आहे. समोरचा माणूस सराईतपणे कोड टाइप करत जातो, सगळं पहिल्या फटक्यात चालतं, आणि ते सराईतपण आपल्यातही आलं असं बघणाऱ्याला वाटत राहतं.

२००६ चा आणखी एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग न बघता, आठवेल तसा तीनदा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्क्यांच्या आसपास आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्क्यांच्या आसपास. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स वाचणाऱ्याला आपण तयार आहोत असं का वाटतं आणि पुढच्या सत्रात तेच सगळं धुऊन का निघतं, याचा उलगडा यातून होतो.

यावर कोणी म्हणेल, लिहायचं तर वहीत लिहा, जगाला दाखवायची काय गरज? वहीत लिहिणं चांगलंच, पण वहीत आपण स्वतःला सवलत देतो. 'इथे ते नेहमीचं करायचं' एवढं लिहून पुढे जातो. वाचणारा कोणी अनोळखी माणूस आहे हे ठाऊक असलं की ती सवलत संपते. 'नेहमीचं' म्हणजे काय ते सांगावं लागतं. कोणती आवृत्ती वापरली, कोणती आज्ञा दिली, नेमका कोणता एरर आला, तो शब्दशः काय होता, हे लिहावं लागतं. प्रत्यक्षात कोणी वाचो न वाचो, वाचणाऱ्याची कल्पनाच लिहिणाऱ्याला शिस्त लावते. आणि कोणी वाचलंच आणि 'हे असं नाही' म्हणून सांगितलं, तर ती फुकटची शिकवणी असते.

आता त्या मूळ भीतीकडे येतो: अपुरं, कच्चं, चुकीचं काही लोकांसमोर ठेवायची भीती. तिच्यावर या क्षेत्राने फार जुना आणि फार सुंदर उपाय काढलेला आहे, आणि तो विद्यार्थ्यांनीच काढलेला आहे.

१९६९ साली अमेरिकेत आर्पानेटची, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्याची, जुळवाजुळव चालू होती. चार ठिकाणचे संगणक एकमेकांशी बोलणार होते. ते कसे बोलतील हे ठरवायचं काम ज्यांच्याकडे आलं, त्यांतले बरेचसे पदव्युत्तर विद्यार्थी होते. कोणी ज्येष्ठ येऊन नियम सांगेल अशी त्यांची अपेक्षा होती. तसं कोणी आलं नाही. तेव्हा लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्टीव्ह क्रॉकरने ७ एप्रिल १९६९ ही तारीख घालून पहिलं टिपण लिहिलं. आपण अधिकार गाजवतोय असं कोणाला वाटू नये म्हणून या टिपणांना त्याने नाव दिलं 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे तुमची मतं सांगा. तीच आरएफसी मालिका. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या टिपणात टिपणं कशी लिहावीत याचे नियम आहेत, आणि माझ्या मते संगणकशास्त्राच्या प्रत्येक वर्गात ते भिंतीवर लावले पाहिजेत. टिपण घासूनपुसून चकचकीत करण्यापेक्षा वेळेवर आलेलं बरं. उदाहरणाशिवाय मांडलेली भूमिका चालेल. पार्श्वभूमी न सांगता दिलेली सूचना चालेल. उत्तराचा प्रयत्नसुद्धा न करता विचारलेला प्रश्न चालेल. टिपणाची किमान लांबी: एक वाक्य.

इतकी ढिलाई का, याची दोन कारणंही त्यातच दिली आहेत. छापील शब्द दिसला की लोक त्याला आपोआप प्रमाण मानतात, आणि इथे तर प्रमाण नसलेल्या कल्पनांचीच देवाणघेवाण व्हायला हवी आहे. दुसरं, कच्चं काही प्रसिद्ध करायला माणूस स्वभावतःच कचरतो, आणि तो संकोच कमी करायचा आहे. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांनी आजच्या विद्यार्थ्यांच्या मनातली भीती अचूक ओळखली होती. त्या टिपणांची संख्या आता नऊ हजारांच्या पुढे गेली आहे. ईमेल, वेब, इंटरनेटवर माहितीची पाकिटं कशी जातात-येतात, हे सगळं त्याच मालिकेत लिहिलेलं आहे. आज ती टिपणं अनेक चाळण्यांतून जातात आणि मानक म्हणून मिरवतात. सुरुवात मात्र 'एक वाक्यही चालेल' इथून झाली.

१९९१ चा ऑगस्ट महिनाही असाच. हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा २१ वर्षांचा लिनस टॉरवल्ड्स मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांच्या चर्चेत लिहितो, की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, नुसता छंद म्हणून, काही मोठं किंवा व्यावसायिक होणार नाही. मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही ते सांगा. आपल्याकडे आहे त्याच प्रकारची हार्डडिस्क चालेल, बाकीच्या बहुधा चालणार नाहीत, हेही तो लिहून टाकतो. ती सिस्टीम, म्हणजे आजचं लिनक्स, पूर्ण झाल्यावर त्याने ते लिहिलं असतं तर वाचणाऱ्यांना फक्त बघायचं काम उरलं असतं. अपुरं असताना लिहिलं म्हणून लोकांना हात लावायला जागा राहिली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या टिपणातून लिनक्स निघणार नाही, हे सांगायला नको. पण 'अपुरं आहे' ही लपवायची गोष्ट नाही, एवढं तरी यातून शिकता येतं.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो: या सगळ्यावर आधीच भरपूर लिहिलेलं आहे, तेही तज्ज्ञांनी, पहिल्या वर्षातल्या पोराने त्यात काय भर घालायची? मला वाटतं, त्यानेच घालायची. तज्ज्ञाला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे न कळण्याची आठवण ठेवणं. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल वाजत असते, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. उत्तम प्रोग्रामरांनी लिहिलेली पुष्कळ डॉक्युमेंटेशन नवशिक्याला अशीच टकटक वाटतात.

संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, की बहुतेक भाषांत उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. सराईत माणूस म्हणतो, 'फ्लोटिंग पॉइंट आहे, असं होतंच, बरोबरीची तुलना करू नकोस.' आणि पुढे जातो. ज्याला हे परवाच पहिल्यांदा दिसलं, तो लिहितो: मला वाटलं माझा कोड चुकला, मग वाटलं भाषेतच काही घोळ आहे, दुसऱ्या भाषेत करून पाहिलं, तिथेही तेच, मग कळलं की दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की ३ संपतच नाहीत, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही, त्यामुळे तो कुठेतरी तोडावाच लागतो. वाचणाऱ्या दुसऱ्या नवशिक्याच्या मनात नेमक्या याच शंका याच क्रमाने आलेल्या असतात. तज्ज्ञाच्या लेखात त्या शंका सापडत नाहीत, कारण त्या त्याला कधी पडल्या होत्या हे तो केव्हाच विसरला. नवशिक्याच्या टिपणाचं आयुष्य म्हणूनच थोडं आहे आणि मोलही म्हणूनच आहे. सहा महिन्यांनी त्यालाही ते तसं लिहिता येणार नाही.

चुकीची माहिती पसरेल, ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय न लिहिणं हा नाही. टिपणावर तारीख असावी. 'मी हे स्वतः करून पाहिलं', 'हे वाचलं आहे, करून पाहिलेलं नाही', 'हा माझा तर्क आहे' असे तीन स्तर स्पष्ट असावेत. चूक कळली तर जुनं वाक्य पुसून टाकू नये; ते तसंच ठेवून खाली दुरुस्ती लिहावी, म्हणजे त्याच चुकीत अडकलेल्या दुसऱ्याला बाहेर यायची वाट दिसते. क्नूथ यांनी टेक् हा छपाईचा प्रोग्राम लिहिताना १९७८ पासून प्रत्येक चुकीची नोंद ठेवली आणि १९८९ मध्ये ती सगळी यादी छापली: ८५० हून अधिक नोंदी, १५ प्रकारांत विभागलेल्या. विषयातल्या सर्वांत काटेकोर माणसांपैकी एक जर आपल्या चुकांची वर्गवारी छापतो, तर विद्यार्थ्याने आपली एक चूक लपवण्यात काय हशील?

भाषेबद्दलही बोललं पाहिजे. 'लिहायचं म्हणजे इंग्रजीत' असं गृहीत धरून अनेक हुशार मुलं गप्प बसतात. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ च्या एका टिपणात म्हटलं आहे, की गणिती कल सोडला तर प्रोग्रामरकडे असण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असेल, तर मातृभाषेवरचं असाधारण प्रभुत्व. डाइक्स्ट्रा स्वतः डच होते, आणि अनेक दशकं, बरीचशी फाउंटन पेनने लिहिलेली टिपणं क्रमांक घालून, झेरॉक्स काढून ओळखीच्यांना पाठवत राहिले. अशी तेराशेहून अधिक टिपणं आज कोणालाही वाचायला खुली आहेत. मराठीत लिहायचं तर पॉइंटर, स्टॅक, रिकर्शन हे शब्द आहेत तसे खुशाल वापरावेत, त्यांना अवघड प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही. फायदा वेगळाच आहे. 'पॉइंटर डीरेफरन्स केल्यावर व्हॅल्यू मिळते' हे वाक्य न कळताही उतरवता येतं. 'या डब्यात संख्या नाही, संख्या कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता आहे. त्या पत्त्यावर गेलं की संख्या मिळते. पत्ता कोराच असेल तर प्रोग्राम कोसळतो' हे न कळता लिहिता येत नाही. ज्या भाषेत आपण भांडतो, हट्ट करतो, त्या भाषेत न कळलेलं झाकता येत नाही. इंग्रजीतही लिहावं, नोकरीला आणि मोठ्या वाचकवर्गाला ते हवंच. पण पहिलं टिपण इंग्रजीच्या धास्तीने अडता कामा नये.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून एक नवा प्रश्न विचारला जातो: यंत्र दोन सेकंदांत बायनरी सर्चवर नीटनेटका लेख लिहून देतं, मग विद्यार्थ्याने का झिजावं? लेख हवा असेल तर खरोखरच झिजू नये. पण इथे लेख हे फळ नव्हतंच. लो ३, हाय ४ अशी कागदावर मांडामांड करताना त्या विद्यार्थिनीच्या डोक्यात जे घडलं, ते यंत्राकडून लेख घेऊन घडत नाही. यंत्राला शंका विचारावी, आपलं टिपण दाखवून 'यात चूक काय' असंही विचारावं. त्यात काही गैर नाही. पण पहिला खर्डा स्वतःचाच हवा, वेडावाकडा असला तरी. शिवाय यंत्राची वाक्यं घोटीव असतात, आणि घोटीवपणा म्हणजे खरेपणा नव्हे. डिसेंबर २०२२ मध्येच स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने यंत्राने लिहिलेली उत्तरं बंद केली, कारण ती वाचायला बरोबर वाटायची आणि पुष्कळदा चूक निघायची. यंत्राचं उत्तर तपासून घ्यायचं तर डोक्यात काहीतरी पक्कं लागतं, आणि ते पक्कं होतं ते अशाच लिहिण्यातून. हाताने लिहिण्याची गरज कमी झालेली नाही, उलट वाढली आहे.

इथपर्यंत मी लिहिण्याच्या बाजूने बोललो. पण आज लिहिण्याचा आग्रह ज्या कारणासाठी धरला जातो, ते मला पटत नाही. 'प्रोफाइल तयार होईल', 'कंपन्यांच्या नजरेत याल', 'रोज काहीतरी टाकत राहा' हा सल्ला मुलांचं नुकसान करतो. नजरेत येण्यासाठी लिहिणारा जिथे अडला ते लिहीत नाही, जिथे जिंकला तेच लिहितो. मग दहा ठिकाणी मिळणारी माहिती अकराव्यांदा लिहिली जाते, आणि लिहिणारा होता तिथेच राहतो. चांगलं, प्रामाणिक लिखाण वाचून कोणी काम दिलं तर आनंदच आहे, तसं होतंही. पण ते लिहिण्याचं कारण झालं की लिखाणातला जीव जातो.

शिक्षकांनी आणि संस्थांनी काय करावं, हा यातला सार्वजनिक प्रश्न. सगळ्यांनी उघडपणे लिहिलंच पाहिजे, त्याला गुण आहेत, अशी सक्ती मला मान्य नाही. इंटरनेटवर गेलेलं परत घेणं कठीण असतं, आणि अठराव्या वर्षी लिहिलेलं आयुष्यभर स्वतःच्या नावाला चिकटावं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. काहींना नाव न देता लिहायचं असेल, काहींना फक्त वर्गापुरतं. तशी मुभा हवी. असाइनमेंटची तयार उत्तरं जगासमोर ठेवणं आणि ती सोडवताना काय कळलं ते लिहिणं, यांतला फरकही शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावा. नाहीतर मुलं एक तर कॉपीला हातभार लावतात किंवा कॉपीच्या आरोपाच्या धास्तीने काहीच लिहीत नाहीत. कोडबरोबर पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या (कीज) चिकटवल्या जातात, त्याबद्दलही ताकीद हवी. त्या शोधत फिरणारे प्रोग्राम त्या काही मिनिटांत उचलतात.

मात्र वर्गाच्या आत शिक्षकांना बरंच बदलता येईल. प्रयोगाच्या वहीत आज उद्देश, प्रोग्राम, आउटपुट एवढंच असतं, आणि आउटपुट नेहमी बरोबरच असतं. जणू कोणाचा प्रोग्राम कधी अडकलाच नाही. त्या वहीत 'कुठे अडलो, काय वाटलं होतं, काय निघालं' अशी एक जागा ठेवावी आणि गुणांचा मोठा वाटा तिला द्यावा. 'हे मला अजून कळलेलं नाही' हे वाक्य, नेमकं काय कळलं नाही ते सांगणारं असेल, तर पूर्ण गुणांचं समजावं. शिक्षकाने सगळ्या वह्या वाचणं शक्य नसेल तर दर आठवड्याला दोन टिपणं वर्गात मोठ्याने वाचावीत, लिहिणाऱ्याची हरकत नसेल तर नावासकट. आणि शिक्षकानेही स्वतःचं एक टिपण त्यात ठेवावं: या आठवड्यात मी काय शिकलो, कुठे अडलो. सत्राच्या शेवटी एक तास राखून प्रत्येकाला त्याचं सर्वांत जुनं टिपण उघडायला सांगावं, आणि त्याच्या खाली आजची तारीख घालून दुरुस्ती लिहायला लावावी.